इंदुरात स्पेशालिटी कॉफीचं दुकान काढताय? आधी जकार्ता, शांघाय, हनोईकडे बघा

कॉफीचं दुकान काढायचं ठरवून कुणी भेटायला आलं की पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: "मशीन कुठलं घेऊ?" या लेखात मशीन सहाव्या पायरीवर येतं. त्याआधीच्या पाच पायऱ्या नीट झाल्या तर मशीनचा निर्णय सोपा होतो, आणि त्या राहिल्या तर सगळ्यात महागडं यंत्रही दुकान तारत नाही. इंदुरात हे सगळं मी स्वतः केलंय, म्हणून नव्याने उतरणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितोय.

स्पेशालिटी कॉफी म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करून घेऊ. प्रशिक्षित चाखणारे ठरावीक पद्धतीने कॉफी चाखून १०० पैकी गुण देतात. ८० किंवा त्याहून जास्त गुण मिळाले तर ती स्पेशालिटी, अशी ही जुनी आणि अजूनही चालणारी फूटपट्टी आहे. त्यात दाण्यांतले दोष मोजतात आणि चव तपासतात. फेसावर काढलेल्या पानाफुलांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता शिकायचं कुणाकडून? आपल्याकडचे बहुतेक नवे लोक मेलबर्न किंवा सिॲटलचे व्हिडिओ बघतात. तिथला माणूस आधीपासून रोज कॉफी पितो, दुकानदाराला ती फक्त आणखी चांगली करून द्यायची असते. आपलं गिऱ्हाईक चहावालं आहे. जकार्ता, शांघाय, हनोई, रियाध इथले बाजार आपल्याला जास्त जवळचे आहेत. कुठे चहाचं राज्य होतं, कुठे पाकिटातली गोड इन्स्टंट, कुठे वेलचीची पारंपरिक कॉफी. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तिथे जे उभं राहिलं, ते गिऱ्हाइकाच्या जिभेला धरून उभं राहिलं.

१. आधी शहर काय पितं ते वहीत लिहा

आठवडाभर वही घेऊन फिरा. सकाळी पोहे-जलेबीच्या दुकानापाशी, दुपारी भंवरकुव्याच्या कोचिंग क्लासेसबाहेर, संध्याकाळी छप्पन दुकानला, रात्री सराफ्यात. लोक काय पितात, किती गोड पितात, किती रुपये मोजतात, उभ्याने पितात की बसून, एकटे की घोळक्याने, हे सगळं टिपा. इंदूर गोड खाणारं आहे, दुधावर प्रेम करणारं आहे आणि रात्री उशिरापर्यंत जागं असणारं आहे. तुमचा मेनू या तीन गोष्टींतून निघायला हवा.

जकार्तात नेमकं हेच झालं. 'तुकू' नावाचं छोटं दुकान २०१५ साली शहराच्या दक्षिण भागात सुरू झालं. त्यांचं गाजलेलं पेय म्हणजे बर्फ, दूध, तिथलीच कॉफी आणि ताडाच्या जातीच्या झाडापासून केलेला तिथला गूळ. गुळाची चव घराघरात ओळखीची, हवा गरम, म्हणून थंड पेय. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'कोपी कनांगन'ने हीच चव शेकडो दुकानांत नेली आणि २०२१ मध्ये ती कंपनी एक अब्ज डॉलर मूल्याच्या पुढे गेली.

हनोईतली अंड्याची कॉफी अशीच अडचणीतून निघाली. १९४६ च्या सुमाराला ताजं दूध मिळेना, तेव्हा न्गुयेन वान जांग या हॉटेलात काम करणाऱ्या माणसाने अंड्याचा बलक साखरेबरोबर फेटून कॉफीवर घातला. त्यांच्या कुटुंबाचं कॅफे आजही चालू आहे. स्टारबक्स व्हिएतनाममध्ये २०१३ साली आलं, तरी फिन नावाच्या छोट्या गाळणीतून ठिबकणारी, कंडेन्स्ड मिल्क घातलेली कडक कॉफी तिथे जागची हलली नाही. सौदी अरेबियात फिकट भाजलेल्या दाण्यांची, वेलची घातलेली कॉफी पिढ्यान्‌पिढ्या पाहुण्यांसमोर येते. त्यांनी २०२२ हे वर्षच 'सौदी कॉफीचं वर्ष' म्हणून साजरं केलं आणि त्याच वर्षी तिथल्या खौलानी कॉफीच्या लागवडीचं पारंपरिक ज्ञान युनेस्कोच्या यादीत गेलं.

आपल्याकडे असं काय आहे? मराठी घरातली जायफळाची कॉफी. हळदीकुंकवाला, लग्नघरी, रात्रीच्या जागरणाला होणारी, भरपूर दुधाची, वर जायफळ किसलेली. राजेंद्रनगर, लोकमान्यनगर, रामबाग इथल्या कितीतरी घरांत कॉफी म्हटली की हीच. ती इन्स्टंट पावडरीवर होत आली, एवढंच. चांगल्या दाण्यांचं दक्षिणी फिल्टरमधलं डिकॉक्शन, दाट दूध आणि कप देताना समोर किसलेलं ताजं जायफळ, एवढं करून बघा. आजीला ओळखीचं वाटतं आणि नातवाला नवं वाटतं. मला विचाराल तर इंदूरच्या मराठी माणसासाठी हा मेनूतला पहिला पदार्थ असावा.

दुसरा पदार्थ म्हणजे गुळाची थंड कॉफी. नरसिंहपूर जिल्ह्यातल्या करेलीचा गूळ आपल्या मध्य प्रदेशात नावाजलेला आहे, तो वापरा. इथे एक खड्डा आहे: गूळ थेट गरम दुधात घातला तर दूध फाटू शकतं. म्हणून गूळ आणि पाणी समप्रमाणात घेऊन उकळा, बारीक कापडातून गाळा, पूर्ण गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. ग्लासात आधी पाक, मग बर्फ, मग थंड दूध, शेवटी कॉफी. पाक थोडा थोडा करा, बाटलीवर तारीख घाला आणि वास बदलला की फेकून द्या.

२. जागा लहान घ्या

शांघायमधलं 'मॅनर' २०१५ मध्ये जेमतेम दोन चौरस मीटरच्या खिडकीतून सुरू झालं. बसायला जागा नाही, फक्त कॉफी, आणि घरून कप आणला तर पैसे कमी. आज ती चीनमधली मोठी साखळी आहे. 'लकिन' या चीनमधल्याच साखळीची बहुतेक दुकानंही घेऊन जाण्यापुरती आहेत. बसायच्या जागेचं भाडं वाचलं की तेच पैसे दाण्यांत घालता येतात.

इंदुरात सुरुवातीला विजयनगर-पलासियाच्या मुख्य रस्त्यावरच्या मोठ्या गाळ्याचा मोह होतो. त्यापेक्षा आतल्या रस्त्यावर, पायी येणारं गिऱ्हाईक असेल अशा ठिकाणी शंभर-दीडशे चौरस फूट पुरतात. करार करण्याआधी मालकाला हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

- वीज जोडणी व्यावसायिक आहे का, आणि मंजूर लोड किती किलोवॅट आहे? दोन ग्रुपचं, म्हणजे एका वेळी दोन जागी कॉफी काढणारं, एस्प्रेसो मशीन एकटंच साधारण तीन ते साडेचार किलोवॅट खातं. त्यावर फ्रिज, ग्राइंडर, बर्फाचं यंत्र.
- पाणी नर्मदेच्या नळाचं, बोअरिंगचं की टँकरचं? उन्हाळ्यात काय?
- सांडपाण्याची लाइन कुठे जाते?
- रात्री किती वाजेपर्यंत चालू ठेवता येईल?
- इमारतीत दुकान चालवायला परवानगी आहे का? निवासी इमारतीतला तळमजला 'सगळेच चालवतात' म्हणून घेऊ नका.

३. कागदपत्रं

यात घाबरण्यासारखं काही नाही, पण क्रम पाळा. भाडेकरार झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, कारण जवळजवळ प्रत्येक अर्जाला जागेचा पुरावा लागतो.

- पॅन, आधार, फोटो, भाडेकरार, मालकाचं ना-हरकत पत्र, ताजं वीजबिल
- गुमास्ता, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणी
- नगर निगमचा व्यापार परवाना
- एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना. त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर अर्ज होतो. दोन्हींतलं काय लागेल ते उलाढालीवर ठरतं. मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवरचाच आकडा धरा
- उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी), बँकेत चालू खातं
- जीएसटी
- हाताखालच्या माणसांची वैद्यकीय तपासणीची प्रमाणपत्रं आणि पाण्याचा तपासणी अहवाल

जीएसटीतला एक खड्डा मोठा आहे. दुकानात कप विकला की तो रेस्टॉरंट सेवेत येतो, त्यावर ५ टक्के कर असतो आणि खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे मशीनवर भरलेला जीएसटी तुमच्याच खिशातून गेला असं धरून हिशोब करा. भाजलेल्या दाण्यांची पाकिटं विकणं ही मालाची विक्री, तिचे नियम वेगळे. सीएला दोन्ही वेगवेगळं विचारा. पाकिटं विकणार असाल तर निव्वळ वजन, एमआरपी, तारीख, एफएसएसएआय क्रमांक हे सगळं लेबलवर हवं, आणि चिकोरी (कॉफीत मिसळायची एका मुळाची पूड) मिसळलेली असेल तर तिचं प्रमाण लिहावंच लागतं.

४. दाणे कुठून, कसे, कधी

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. आपण कॉफी पिकवणाऱ्या देशात आहोत, हे मोठं भाग्य आहे. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात होते: चिक्कमगळूर, कोडगू, हासन. त्याखालोखाल केरळ आणि तमिळनाडू, शिवाय आंध्रातलं अराकू खोरं. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. २०१९ मध्ये कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिक्कमगळूर अरेबिका, अराकू व्हॅली अरेबिका आणि बाबाबुडनगिरी अरेबिका या पाचांना भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाळी वाऱ्यात ठेवून मुरवलेल्या मान्सून्ड मलबार कॉफीला ते त्याआधीच होतं.

चीनची जवळजवळ सगळी कॉफी युन्नान प्रांतात होते. एके काळी ती स्वस्त माल म्हणून इन्स्टंटच्या कारखान्यांत जायची. आता शांघायमधली तरुण दुकानं पाकिटावर युन्नानचं नाव अभिमानाने छापतात. इथिओपिया तर पिकवलेल्या कॉफीपैकी निम्मी स्वतःच पितो. चांगला माल बाहेर आणि उरलेला घरात, ही सवय आपल्याकडे फार वर्षं होती, आणि ती मोडायचं काम तुमच्यासारखी छोटी दुकानं करू शकतात. म्हणून फळ्यावर एस्टेटचं, म्हणजे कॉफीच्या मळ्याचं, किंवा गावाचं नाव लिहा.

खरेदीच्या वेळी हे शब्द कानावर पडतील. भारतीय व्यापारात 'प्लांटेशन' म्हणजे धुऊन प्रक्रिया केलेली अरेबिका, 'पार्चमेंट' म्हणजे धुतलेली रोबस्टा आणि 'चेरी' म्हणजे फळासकट वाळवलेली. 'एए', 'ए', 'बी' हे दाण्याच्या आकाराचे दर्जे आहेत, 'पीबी' म्हणजे गोल एकदाणी. नवे लोक इथेच फसतात: एए म्हणजे उत्तम चव असं त्यांना वाटतं. एए म्हणजे मोठा दाणा, बस्स. तसंच '१०० टक्के अरेबिका' हा गुणवत्तेचा दाखला नाही. दोषांनी भरलेली अरेबिकाही शंभर टक्के अरेबिकाच असते.

रोबस्टाला नाक मुरडू नका. भारताच्या उत्पादनात तिचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. युगांडाने २०१० च्या सुमाराला 'फाइन रोबस्टा'चे गुणांकनाचे निकष तयार करण्यात पुढाकार घेतला आणि व्हिएतनाममध्येही निवडक, पिकलेल्या फळांच्या रोबस्टावर आता मन लावून काम चाललंय. आपल्याकडे 'रोबस्टा कापी रोयाल' हा वेगळा काढलेला दर्जा कधीचा आहे. दूध-साखरेच्या पेयात चांगली धुतलेली रोबस्टा जो दाटपणा देते, तो हलक्या अरेबिकाला जमत नाही. जायफळाच्या कॉफीसाठी सत्तर टक्के अरेबिका आणि तीस टक्के धुतलेली रोबस्टा इथून सुरुवात करा आणि चाखत चाखत हलवा. काळ्या कॉफीसाठी एस ७९५ या वाणाची चिक्कमगळूरची कॉफी घ्या. हा वाण आपल्याच बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेत तयार झाला आणि पुढे इंडोनेशियात जाऊन तिथेही रुजला.

एस्टेट शोधायची कशी? सरकारच्या कॉफी बोर्डाने 'फ्लेवर ऑफ इंडिया – द फाइन कप' या नावाने स्पर्धा घेतल्या आहेत. निकालांच्या जुन्या याद्या काढा, त्यांतल्या एस्टेटना नम्रपणे लिहा. लिहिताना थेट सांगा: महिन्याला किती किलो लागणार, कधीपासून, पैसे कसे देणार. छोट्या गिऱ्हाइकालाही ते उत्तर देतात, फक्त बोलणं नेमकं हवं. नमुना पाव किलोचा मागवा आणि ही माहिती लेखी घ्या: कुठल्या हंगामाचं पीक, वाण, प्रक्रिया, ओलावा (१० ते १२ टक्क्यांच्या दरम्यान हवा), कधी वाळवलं. मागच्या वर्षीचा माल नव्याच्या भावात पुढे सरकवला जातो. वास घ्या. जुन्या गोणपाटासारखा वास आला तर तो नमुना बाजूला ठेवा.

भाजायचं यंत्र पहिल्या वर्षी घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. एखाद्या रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजून देणाऱ्याकडून, तुमच्या सांगण्यानुसार भाजून घ्या. भाजताना वजन घटतं, साधारण १२ ते १८ टक्के. ६०० रुपये किलोने घेतलेला एक किलो कच्चा माल भाजून ८५० ग्रॅम उरला तर भाजलेल्या किलोची नुसती दाण्यांची किंमत ७०६ रुपये झाली. त्यात भाजणावळ आणि वाहतूक धरा. घरचं यंत्र आलं की यात धूर, शेजारी, गॅस आणि रोजचे कित्येक तास येतात. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर माल घेऊ नका. एस्प्रेसोसाठी भाजल्यापासून आठ-दहा दिवस जाऊ द्या, फिल्टरसाठी चार-पाच पुरतात.

भावाचंही बोलू. २०२४ मध्ये लंडनच्या बाजारात रोबस्टाने आणि २०२५ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाने तोवरचे उच्चांक गाठले. भारतीय भावही त्यामागोमाग चढले. म्हणून वर्षभराचा मेनू एकाच एस्टेटच्या एकाच भावावर बांधू नका. दोन पर्याय चाखून तयार ठेवा.

५. पाणी

कपात दाण्यांपेक्षा कितीतरी पट पाणी असतं. इंदुरात नर्मदेचं पाणी आणि बोअरिंगचं पाणी यांत खूप फरक आहे. माळव्याच्या काळ्या दगडातून आलेलं बोअरिंगचं पाणी जड असतं, मशीनच्या बॉयलरमध्ये पांढरा थर धरतं आणि कॉफी बोथट करतं. शिवाय एकाच इमारतीत कधी हे येतं, कधी ते.

लोक टीडीएस मीटर बुडवतात आणि समाधान मानतात. टीडीएस फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकत्रित अंदाज देतो. त्यांतले थर धरणारे किती, ते कळत नाही. मत्स्यालयाचं सामान विकणाऱ्या दुकानात थेंब टाकून मोजायचे जीएच आणि केएचचे किट मिळतात, ते घ्या. पहिला कडकपणा सांगतो, दुसरा क्षारता. कॉफीसाठी सर्वसाधारण लक्ष्य असं: टीडीएस १५० च्या आसपास (७५ ते २५० चालतं), कडकपणा ५० ते १७५, क्षारता ४० च्या जवळ, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये.

दुसरं टोकही वाईट. घरगुती आरओचं टीडीएस २० चं पाणी थेट वापरलं तर कॉफी फिकी आणि आंबट लागते, शिवाय असं पाणी बॉयलरच्या धातूला खातं. आरओचं पाणी आणि कार्बन फिल्टरमधून गाळलेलं नळाचं पाणी मिसळा, मोजा, प्रमाण ठरवा. महिन्यातून एकदा आणि पाण्याचा स्रोत बदलला की लगेच पुन्हा मोजा. पावसाळ्याच्या तोंडावर तर नक्कीच.

६. यंत्रं

पहिल्या दिवशी खरोखर लागतं ते इतकं:

- चांगला ग्राइंडर. बजेटमधला मोठा घास याला द्या
- ०.१ ग्रॅमचा वजनकाटा, दोन
- मोठे दक्षिणी पितळी किंवा स्टीलचे फिल्टर
- हाताने ओतायच्या कॉफीचे दोन-तीन ड्रिपर, लांब चोचीची किटली
- कोल्ड ब्रूसाठी (थंड पाण्यात कित्येक तास भिजवून काढलेली कॉफी) झाकणाचे स्टीलचे डबे
- फ्रिज, बर्फाची सोय, थर्मामीटर

एवढ्यावर दुकान उघडतं. व्हिएतनाममध्ये एका साध्या धातूच्या गाळणीवर अख्खा देश कॉफी पितो आणि आपला दक्षिणी फिल्टर तर तिच्याहून मोठं काम एका वेळी करतो. हाताने ओतायच्या कॉफीला सुरुवातीचं प्रमाण एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम, पाणी ९० ते ९६ अंश. तिथून चवीप्रमाणे हला.

एस्प्रेसो मशीन घ्यायचं झालं तर विकणाऱ्याला एकच गोष्ट खोदून विचारा: बिघाड झाला तर तंत्रज्ञ कुठल्या गावाहून आणि किती तासांत येईल? गॅस्केट, पंप, सोलेनॉइड व्हॉल्व्ह हे सुटे भाग कुठे साठवलेत? उत्तर लेखी नसेल तर दुसरीकडे जा. शनिवारी संध्याकाळी बंद पडलेलं मशीन मंगळवारपर्यंत तसंच राहिलं तर आठवड्याची कमाई गेली.

७. कपाचा भाव

खालचा हिशोब समजण्यापुरता आहे, तुमचे आकडे घालून करा. भाजलेले दाणे १२०० रुपये किलो आणि कपाला १८ ग्रॅम धरले तर साडेएकवीस रुपये. १८० मिली दूध सुमारे बारा रुपये. पाक, कप, झाकण, नासाडी धरून माल ४५ रुपयांवर जातो. भाडं, पगार, वीज मिळून महिना ९०,००० आणि रोज ६० कप, म्हणजे महिन्याला १८०० कप, तर प्रत्येक कपावर आणखी ५० रुपये. एकूण ९५. फळ्यावर १४० लिहिलं तर ५ टक्के कर वजा जाता हातात १३३ येतात आणि ३८ उरतात. तोच कप डिलिव्हरी ॲपवर त्याच भावाने गेला आणि कमिशन पाव भाग निघालं, तर ३५ तिकडे गेले आणि ३ उरले. म्हणून ॲपवरचा मेनू वेगळा ठेवा: कोल्ड ब्रूच्या बाटल्या, दाण्यांची पाकिटं, जे सांडत नाही आणि ज्यात मार्जिन आहे.

चीनमधल्या स्वस्ताईच्या लढाईकडे बघून भाव पाडू नका. लकिनने २०१७ पासून कुपनांच्या जोरावर दुकानं वाढवली. २०२० मध्ये विक्रीचे आकडे फुगवल्याचं उघड झालं आणि कंपनीला नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावरून उतरावं लागलं. तिला सावरलं ते कारभार बदलल्याने आणि पेयांनी, विशेषतः २०२१ च्या नारळाच्या दुधाच्या लाटेने. २०२३ मध्ये चीनमधल्या विक्रीत तिने स्टारबक्सला मागे टाकलं. त्यांच्याकडून घ्यायचंच तर नवं पेय नीट बसवायची चिकाटी घ्या.

८. माणसं आणि गिऱ्हाईक

कॉफी बोर्डाचा बेंगळुरूमधला 'कापी शास्त्र' हा छोटा अभ्यासक्रम तुम्ही स्वतः करा. मालकाला चव कळली तरच तो दुसऱ्याला शिकवू शकतो. नंतर दुकानातल्या मुला-मुलींना रोज सकाळी उघडण्याआधी तीन कप चाखायला लावा आणि काय लागलं ते मराठीत किंवा हिंदीत बोलायला लावा. 'कोकमासारखी आंबट', 'काकवीसारखी गोड', 'भाजलेल्या शेंगदाण्यासारखी'. फळ्यावरही हेच लिहा. ब्लूबेरी कधी न खाल्लेल्या माणसाला ब्लूबेरी वाचून काहीच कळत नाही.

गिऱ्हाइकाने साखर मागितली तर आनंदाने द्या. "ही कॉफी साखरेशिवायच प्या" असं काउंटरवरून सांगणं उद्धटपणाचं आहे, आणि माळव्यात पाहुण्याशी असं कुणी बोलत नाही. फार तर बाजूला एक घोट काळी कॉफी छोट्या पेल्यात ठेवा. प्यायली तर प्यायली. काका-काकू, आजोबा आले की मेनू वाचून दाखवा, घाई करू नका. आपल्याकडे गणपतीचे कार्यक्रम, नाट्यप्रयोग, पुस्तकांच्या गप्पा सतत होतात. आयोजकांना भेटून मध्यंतरात एक टेबल मागा. तिथे जायफळाची कॉफी ठेवा, पाकिटं ठेवा.

विश्वास कसा मिळतो याचं सगळ्यात ठळक उदाहरण ब्राझीलचं. भेसळीने लोकांचा कॉफीवरचा भरवसा उडाला होता, तेव्हा १९८९ मध्ये तिथल्या भाजणाऱ्यांच्या संघटनेने, अबिकने, शुद्धतेचा शिक्का आणला. बाजारातून पाकिटं उचलून तपासली जात. त्यानंतर देशातला खप वाढत गेला आणि आज अमेरिकेखालोखाल सर्वात जास्त कॉफी ब्राझीलमध्ये पितात. तुमच्या पातळीवर याचा अर्थ इतकाच: चिकोरी घातली तर सांगा, रोबस्टा घातली तर सांगा, भाजल्याची तारीख दिसेल अशी लावा.

९. चोथा आणि कप

इंदुरात कचऱ्याची गाडी ओला-सुका वेगळा केल्याशिवाय घेत नाही, दंडही होतो. चोथा ओल्या कचऱ्यात जातो, पण त्याआधी शेजारपाजारी विचारा. बागेचं वेड असलेले लोक बादली घेऊन येतात. फक्त चोथा खतात मिसळून, थोडा थोडा वापरायला सांगा. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो, तो साध्या कागदात टाकू नका. मॅनरसारखी सवलत द्या: घरचा पेला आणला तर दहा रुपये कमी. स्टीलचा पेला प्रत्येक घरात आहे.

१०. कुठल्या महिन्यात काय करायचं

अरेबिकाची तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी-फेब्रुवारी, रोबस्टाची त्यामागून मार्चपर्यंत. नवा माल साफ होऊन हातात यायला एप्रिल-मे उजाडतो. म्हणून ऑक्टोबरात एस्टेटना पहिलं पत्र लिहा, फेब्रुवारी-मार्चमध्ये नमुने चाखा, एप्रिलमध्ये मागणी नक्की करा. जागा आणि कागदपत्रं त्याच काळात बाजूला चालू ठेवा.

उघडायला मी जुलै-ऑगस्ट सुचवेन. उन्हाळ्याची झुंबड संपलेली असते, पाऊस पडत असतो, लोक गरम पेयाकडे वळलेले असतात आणि गर्दी कमी असल्याने हात बसायला वेळ मिळतो. पुढे गणपती, नवरात्र, दिवाळी ओळीने येतात. दिवाळीची पाकिटं विकायची असतील तर लेबलची छपाई सप्टेंबरातच उरका, कारण ऑक्टोबरात छापखानेवाले कुणाला तारीख देत नाहीत. थंडीत जायफळाच्या कॉफीवर भर ठेवा. होळीच्या पंधरा दिवस आधी गुळाच्या पाकाची आणि बर्फाची व्यवस्था दुप्पट करा.